खोक्यावरची गाडी आणि बाबांचं अस्वल

स्पष्टच सांगते, तो गेम भिकार होता. इंग्रज गुप्तहेराच्या सिनेमांची ती मालिका आईच्या लग्नाआधीपासून चालू होती. नट म्हातारे होत, बदलत, गुप्तहेर मात्र तरणाच्या तरणा. अशा माणसाचा गेम काढायचा आणि त्यात त्यालाच दाखवायचं नाही, ही फसवणूक नाही तर काय? कॉम्प्युटरच्या पडद्यावर फक्त एक हात आणि हातात पिस्तूल. बाकी सगळा गुप्तहेर बेपत्ता.

राग आला तो माझ्यासाठी नाही. तो गेम मी बाबांसाठी मागवला होता.

मी लहान होते तेव्हा बाबा पुलगावात एका टॉकीजचा प्रचार करायचे. सायकलरिक्षाला दोन्ही बाजूंनी पोस्टरचे फळे, वर भोंगा, पायाशी बॅटरी, हातात माईक. सुट्टीच्या दिवशी मी शेजारी बसून हँडबिलं उडवायची. गुलाबी, पिवळी, फुंकर मारली तर फाटतील अशी. "मूठभर नको फेकू, बाई," बाबा माईकवर पंजा ठेवून सांगायचे, "एकेक सोड. कागद उडाला पायजे, पोट्टे मांगं पयाले पायजे." पत्रक कसं लिहावं तेही तिथेच कळलं. गिरणीत कामावर निघालेला माणूस चालता चालता वाचून संपवेल तेवढंच. पुढे मोर्चांची पत्रकं लिहिताना मला दुसऱ्या कुणाची शिकवणी लागली नाही.

आता यातली मेख सांगते. सिनेमाच्या रिळांची पेटी रेल्वेने यायची, ती अगदी खेळाच्या तोंडावर. प्रचार त्याआधीच सुरू करावा लागे. म्हणजे बाबांनी सिनेमा पाहिलेलाच नसे. पोस्टर आणि सोबत आलेले चार फोटो समोर मांडून ते गोष्ट रचायचे. गुप्तहेराच्या सिनेमांवर त्यांचा विशेष जीव. त्यांच्या गोष्टीतला गुप्तहेर संकटातल्या बाईला वाटेत सोडून जात नसे. आधी तिला तिच्या घरी पोचवायचा, मगच पुढच्या देशात निघायचा. पडद्यावर असलं काही नसे. लोक त्यावर भांडले नाहीत.

अस्वलावरून भांडले. एका पोस्टरवर बर्फ होता आणि बर्फात पाठमोरं, काळंकरडं, केसाळ काहीतरी उभं होतं. बाबांनी गावभर पुकारलं, "पाहा, गुप्तहेराची खूंखार अस्वलाशी झुंज!" टॉकीज भरली. अस्वल आलंच नाही. तो केसाळ कोट घातलेला खलनायक होता. पुलगावच्या उन्हात जन्म काढलेल्या माणसाने तसला कोट कुठे पाहिलेला असणार? खेळ सुटल्यावर गिरणीतले कामगार बाबांभोवती गोळा झाले. "काऊन गा, अस्वल कुठं बांधून ठेवलं?" बाबा हसले. ते हसू मला आठवतं, फार वेळ तसंच चिकटून राहिलं होतं. त्यानंतर वर्षानुवर्षं रिक्षा निघाली की चौकातून आवाज यायचा, "आज अस्वल हाय का?"

मग घरोघरी केबल आली आणि टॉकीजचं मंगल कार्यालय झालं. भोंगा विकला. बाबांनी माईक तेवढा ठेवला, कपाटावर, रुमालात बांधून. आणि त्यांचा आवाज गेला. आजार नव्हता. बोलणंच उरलं नाही. मी तोवर शिकायला वर्ध्याला आले होते, नालवाडीत एका मैत्रिणीसोबत खोली करून राहत होते. आई फोनवर म्हणायची, "भाजीत मीठ नाई, एवढंबी सांगत नाई तुहे बाबा. जेवते अन् भिंतीकडे पाहून राह्यते."

त्याच दिवसांत मोर्चे काढणाऱ्या आमच्या गटाने नालवाडीच्या टोकाच्या वस्तीसाठी सभा ठरवली. तिथे नळ बसवले होते, पाणी सोडलं नव्हतं. सभेचा पुकारा करायला माणूस हवा होता. मी पुलगावला जाऊन बाबांना विचारलं.

"मी नाई," बाबा म्हणाले. "हे तुमचं खरं काम हाय, बाई. मी अस्वलवाला. लोकं म्हनतीन, आता पान्याचंबी अस्वल आनलं."

"बाबा, वर्ध्यात कोणाला माहीत आहे तुमचं अस्वल?"

"मले माहीत हाय ना."

माझ्या सभेला बाबांचा आवाज हवा होता, हे खरं. त्याहून खरं म्हणजे तो आवाज मला परत ऐकायचा होता, मग ते कशावरही बोलले असते तरी चाललं असतं. म्हणून मैत्रिणीच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालेल असा तो गेम नागपूरहून मागवला. मनात म्हटलं, जुना दोस्त दिसला की बोलतील. "तुमचा गुप्तहेर आलाय, पाहायला या," असा निरोप धाडला. ते आले. पांढरा शर्ट घालून आले, दाढी करून.

मैत्रिणीने गेम लावला. बाबा खुर्चीच्या टोकावर बसले.

"हिरो कुठं हाय?"

"काका, हिरो आपणच," मैत्रीण म्हणाली. "हा आपला हात."

बाबांनी आपला हात पाहिला, मग पडद्यावरचा. "मंग त्यानं कपडे कोनते घातले हे कसं समजन?"

समजलंच नाही. एक बोळ, लाकडी खोकी, दार. दारापलीकडे तसाच बोळ, तशीच खोकी. एक पहारेकरी भिंतीत डोकं खुपसून नुसताच चालत होता. "याले काय झालं?" बाबांनी विचारलं. आम्हालाही माहीत नव्हतं. मध्येच सिनेमाचा एक तुकडा लागला आणि कुणाचं तरी वाक्य अर्ध्यावर असताना तुटला. गेम ज्या खोक्यातून आला त्यावर झोकदार चंदेरी गाडी छापली होती. ती गाडी शेवटपर्यंत आली नाही. बाबा मागे टेकले.

मी पेटले. "ही ग्राहकाची उघड लूट आहे! चांगल्या नावावर कचरा विकतात. मी त्या कंपनीला लिहिणार. पत्रक काढणार याच्यावर!"

तेवढ्यात लोडशेडिंग झालं. पडदा काळा, पंखा बंद. बाबांनी माझ्या हातातून खोकं घेतलं, खिडकीच्या उजेडात उलटंपालटं केलं. मागच्या बाजूला बारकी चित्रं होती. त्यावरून बोट फिरवत म्हणाले, "वाच बरं, काय लिहिलं हाय."

मी मराठीत सांगितलं. जगभरची शहरं, बेफाम गाड्या, श्वास रोखून धरायला लावणारा थरार.

"चांगलं लिहिलं हाय."

"बाबा! खोटं आहे सगळं!"

"हाय ना. पन ज्यानं लिहिलं, त्यानं गेम पाह्यला नसन, बाई. हे एवढे फोटो देल्ले असतीन त्याले. म्हनलं असन, लिही बापू, उद्या छापाले टाकाचं हाय." मग खोकं मांडीवर ठेवून, मोठ्या मायेने, "त्याले लोकं शिव्या देत असतीन आता. तू नको देऊ."

किती दिवसांनी ते एवढं बोलले होते, आणि तेही कुठल्या तरी अनोळखी विलायती माणसाची बाजू घ्यायला. गेमविषयीचं माझं मत अजून तेच आहे, पण ते पत्रक मी काढलं नाही.

बाबांनी घाम पुसला. मग विचारलं, "तो नळ कुठं हाय तुमचा?"

"वस्तीच्या टोकाला. का?"

"दाखव. पाह्यल्याबिगर आता मी काई पुकारत नाई."

भर उन्हात निघालो. बाबांनी डोक्याला दुपट्टा बांधला. नळाजवळ जाऊन त्यांनी तोटी पूर्ण फिरवली आणि खाली ओंजळ धरून वाकून उभे राहिले. काही आलं नाही. तरी ते हात काढेनात. समोरच्या दारातली बाई म्हणाली, "कायले उभे राह्यले, भाऊ? त्याच्यातून हवा येते, तेबी सकाळी."

"सकाळी किती वाजता?" बाबांनी विचारलं. ती हसायला लागली. बाबा हसले नाहीत. पाणी कुठून आणता, विहीर किती लांब, पाण्याचे गुंड, हंडे कोण उचलतं, असं एकेक विचारत गेले, मग तिच्यासोबत त्या विहिरीपर्यंत चालत जाऊन आले.

सभेच्या दिवशी पुलगावहून रुमालात बांधलेला माईक आला. भोंगा भाड्याने आणून आम्ही एका सायकलरिक्षावर बांधला. बाबांचा पहिला शब्द फाटला, दुसराही. मग घसा मोकळा झाला आणि तो लहानपणचा आवाज वस्तीभर पसरला. "बंधू आणि भगिनींनो, मी स्वतः पाहून आलो. नळाखाली हात धरला. हात कोरडा राह्यला." याला जोडून रचलेली गोष्ट नव्हती, रंगत नव्हती. दारादारांतून बाया बाहेर येत होत्या.

मी शेजारी बसून पत्रकं उडवत होते. घाईत मूठभर फेकली. बाबांनी माईकवर पंजा ठेवला.

"एकेक, बाई."