हैबतीकाकांची घोंगडी

हैबतीकाकांच्या दहाव्याला सावित्री नदीच्या काठी कावळा शिवला नाही. आंब्यावर बसून तो आमच्याकडे नुसता पाहत राहिला. मग एकेकाने पिंडापुढे हात जोडून शब्द दिले. मुंबईहून आलेल्या काकांच्या मुलाने, राजेशने तर जमीन विकणार नाही असंही सांगून टाकलं. ते ऐकून आम्ही सगळे चमकलो, कावळा मात्र हलला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि मंडळी आंघोळीला मोकळी झाली.

आमच्या बायका घाटावर जात नाहीत. त्यामुळे तुळजाकाकीला, म्हणजे काकांच्या बायकोला, हे घरी आल्यावर कळलं. तिने नुसतं "बरं" म्हटलं. काका गेल्यापासून ती रडली नव्हती. हाक मारली की ओ द्यायची, पुढ्यात ताट ठेवलं की जेवायची.

गेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण आमच्या वाडीत देऊन टाकतात. काकीने काळी घोंगडी तेवढी ठेवून घेतली. तिच्यावर काकांच्या पायाशी त्यांची मांजरी झोपायची. डोळे जेमतेम उघडलेलं पिल्लू असताना काकांनीच तिला पोलादपूरच्या बाजारातून खिशात घालून आणलं होतं.

काही दिवसांनी काकीच्या लक्षात आलं की मांजरी घोंगडी खाते. दाढेखाली धरून चावायची आणि गिळायची. आधी कोपरा गेला, मग काठ. काकीने तिला हुसकलं नाही. काकांचा जीव घोंगडीत अडकलाय आणि मांजरीच्या तोंडून ते घोंगडी थोडीथोडी नेताहेत, संपली की सुटतील, अशी तिची समजूत झाली. रोज दुपारी ती स्वतः घोंगडी पसरून द्यायची. वाडीनेही माना डोलावल्या. पाण्याच्या टाकीवरून आमचं कधी एकमत झालेलं नाही, पण असल्या गोष्टीत लगेच होतं.

मग मांजरीने दूध सोडलं. लोकरीचा गोळा ओकली, पोट टणक लागायला लागलं. मी तिला टोपलीत घालून काकीसकट पोलादपूरला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. पिल्लू आईपासून लवकर तुटलं की काही मांजरांना अशी खोड लागते, असं त्याने सांगितलं. आतडं तुंबलंय, औषध देतो, पण लोकर पुन्हा दिसता कामा नये.

"म्हंजे ही आपल्या मनानंच खात व्हती?" काकीने विचारलं. "तिला कोन सांगत नव्हतं?"

"कोण सांगणार, आजी?" डॉक्टर हसून म्हणाला. माणूस भला होता, तरी मला त्याचा राग आला.

मांजरी वाचली. उरलेली घोंगडी काकीने पत्र्याच्या पेटीत घालून कुलूप लावलं.

काल दूध द्यायला गेलो, तर मांजरी पेटी ओरबाडत ओरडत होती. काकी शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"नाय गो आत कोन," ती मांजरीला सांगत होती. "ते गेले. उगी."

ते गेले, हे तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. तेव्हाही ती रडली नाही. मला मात्र तिथे उभं राहवेना, म्हणून दुधाचं भांडं उंबऱ्यावर ठेवून मी निघून आलो.