कातडीच्या डॉक्टरचा जिना

माझ्या कोपरावर पहिला चट्टा उठला तेव्हा शेतात भांगलण चालू होती. सासूबाई म्हणाल्या, "उसाच्या पाल्याची कूस लागली असंल. खोबरेल लाव, जाईल." मी लावलं, पण चट्टा गेला नाही. त्यावर पांढुरक्या खपल्या धरल्या. मग दुसऱ्या कोपरावर उठला, गुडघ्यांवर उठला, पुढं केसांत शिरला. खांद्यावर पडलेला कोंडा दिसू नये म्हणून मी फिकट रंगाचे ब्लाउज घालायला लागले.

आमचं घर आष्ट्याजवळच्या एका गावात. घरात सासूबाई, थोरले दीर, जाऊबाई आणि मी. मालक फौजेत, तेव्हा लांब उत्तरेला होते. मुलगी शिकायला साताऱ्याला, हॉस्टेलवर. त्यामुळं माझ्या खोलीत मी एकटीच असायची आणि अंगाकडं बघायला वेळ भरपूर मिळायचा.

सगळ्यांनी सगळं सांगितलं. रक्त खराब झालंय. उष्णता हाय. वांगं बंद कर, दही बंद कर, शेंगदाणं बंद कर. कडुलिंबाचा पाला वाटून लावला, तो वाळला की कातडी आणखी ओढायची. देवीचं काही राहिलं असेल म्हणून औंधला जाऊन यमाईची ओटी भरून आले. शेवटी मेडिकलमधनं एक ट्यूब आणली. दुकानदारानं नुसतं कोपराकडं बघितलं आणि काढून दिली. आठ दिवसांत कातडी साफ झाली. मला वाटलं, सुटले. ट्यूब संपली आणि पंधरा दिवसांत होतं त्याच्या दुप्पट उठलं, या वेळी हातांच्या पाठींवरसुद्धा.

हातावर आलं तेव्हा घरात काहीतरी बदललं. भाकरी थापणं माझ्याकडं होतं, लग्न होऊन आले तेव्हापासून. एका सकाळी मी परातीत पीठ घेतलं तर जाऊबाई आल्या आणि परात हळूच आपल्याकडं ओढली. म्हणाल्या, "तू बस गं. हात चुरचुरत असतील. आजच्या दिवस मी करते."

आजच्या दिवस म्हणता म्हणता रोजचं झालं. कोणी वाईट बोललं नाही. आधी भाकरी गेली, मग पाणी भरणं गेलं, मग दूध तापवणं. माझं ताट तेच होतं, पण ते बाजूला पालथं घातलेलं असायचं. कोणी भांडलं असतं तर मी पण भांडले असते. इथं सगळे "आराम कर" म्हणत होते, आणि आरामाला मी काय उत्तर देणार? मी अंगणात बसून लसूण सोलायची. तो सोललेला लसूण फोडणीत पडत होता की नाही, हे मी कधी बघायला गेले नाही.

मालकांचा रविवारी व्हिडिओ कॉल यायचा. मी आधी पदर डोक्यावरून घ्यायची, मग हात खाली ठेवायची. कपाळाच्या कडेला चट्टा आला तेव्हा मी कॅमेराच बंद करायला लागले.

"नेट न्हाई व्हय तिकडं?" ते विचारायचे.

"न्हाई ओ. सकाळपासनं असंच चाललंय."

"बरं हाय न्हवं सगळं?"

"बरं हाय की."

त्यांना पण काही दिसलं नव्हतं आणि मी पण काही सांगितलं नव्हतं.

दिवाळीला मुलगी आली. तिनं माझं डोकं विंचरायला घेतलं आणि तिचा हात थांबला. "आई, हा नुसता कोंडा नाही. स्किनच्या डॉक्टरकडं जायला पाहिजे."

सासूबाई हसल्या. "कातडीला कसला आलाय डॉक्टर? ताप न्हाई, काय दुखत न्हाई. त्ये पोरींना गोरं करणारं डॉक्टर." त्यांच्या लेखी डॉक्टर म्हणजे सलाईन लावणारा, छातीला नळी लावणारा. मला पण आतून तसंच वाटत होतं.

मुलगी परत साताऱ्याला गेल्यावर मी घरी बाजाराचं सांगून सांगलीची बस धरली. दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. जिन्याशी मोठा बोर्ड: त्वचारोग, कुष्ठरोग व गुप्तरोग तज्ज्ञ. पहिला शब्द मी वाचला, पण नजर पुढच्या दोन शब्दांवरच अडकली. खाली रसाचं दुकान होतं, तिथं चार माणसं उभी होती. नवरा फौजेत असलेली बाई एकटी हा जिना चढताना दिसली तर काय काय बोललं जाईल, ते मला तिथंच ऐकू यायला लागलं. मी रसाचा एक ग्लास घेतला, उभ्यानं प्यायले आणि परत स्टँडवर आले. बाजाराचं सांगितलं होतं म्हणून कोथिंबीर घेतली.

थंडी वाढली तशी बोटांच्या सांध्यांवर कातडी फाटायला लागली. साबण लागला की डोळ्यांतून पाणी यायचं. तेव्हा परत गेले. या वेळी बोर्डाकडं न बघता चढले.

डॉक्टर माझ्यापेक्षा लहान बाई होती. तिनं आधी पडदा ओढला. मग कोपर, गुडघे, पाठ, कान, नखं, सगळं खिडकीच्या उजेडात बघितलं. एवढं निरखून मला कित्येक महिन्यांत कोणी बघितलं नव्हतं. सांधे दुखतात का, झोप लागते का, घरात आणखी कोणाला आहे का, ती विचारत गेली. मग म्हणाली, "याला सोरायसिस म्हणतात. तो मुळापासून जाईल असं मी म्हणणार नाही. आटोक्यात ठेवता येतो. मधूनमधून परत उठेल, तेव्हा घाबरायचं नाही."

मी विचारलं, "दुसऱ्याला लागतो का?"

"अजिबात नाही. हात धरला, एका ताटात जेवलं, तरी नाही."

हे ऐकून आनंद व्हायला पाहिजे होता. मला रडू आलं. लागत नाही याचं समाधान होतं, पण जन्मभराची सोबत झाली हे पण त्याच वेळी कळलं होतं. तिनं घाई केली नाही. मी म्हणाले, "हे लागत नाही म्हणून मला मराठीत लिहून द्याल का?" तिनं औषधांच्या खाली दोन ओळी लिहिल्या आणि सही केली. एक गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची होती, त्या वाराभोवती तिनं दोनदा गोल केला.

घरी येऊन कागद सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतोय म्हंजे खरं असंल की." कागद जाऊबाईंनी पण वाचला. दुसऱ्या दिवशी परात त्यांच्याकडंच होती. उन्हाळ्यापर्यंत माझे हात बऱ्यापैकी निवळले, तरी चूल माझ्याकडं परत आली नाही. माझ्याशिवाय घर चालायची सवय सगळ्यांना लागली होती. मालकांना मात्र मी कॅमेरा चालू करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आदी सांगायचंस की गं." एवढंच.

त्या गोळीमुळं दर महिन्याला रक्त तपासून दवाखान्यात जावं लागायचं. एकदा तिथं समोरच्या बाकावर आमच्या गल्लीतली एक बाई बसलेली दिसली. स्कार्फ डोळ्यांपर्यंत गुंडाळलेला, पण बसायच्या ढबीवरून मी ओळखलं. त्यांनीही मला ओळखलं. दोघींनी माना फिरवल्या. नर्सनं त्यांना विचारलं, "ताई, तोंडाला काय लावत होता? ट्यूब आणलीय का?" त्यांनी पिशवीतून काढली ती तीच, मेडिकलमधली, जी मी पण आणली होती. गालावरच्या वांगाच्या काळ्या डागांसाठी त्यांनी ती कित्येक वर्षं लावली होती. स्कार्फ सुटला तेव्हा गाल लालभडक होते, कातडी पातळ होऊन खालच्या शिरा दिसत होत्या.

परतीच्या बसमध्ये आम्ही एकाच बाजूला, चार सीटा सोडून बसलो. त्या आमच्या आधीच्या थांब्यावर उतरल्या आणि मागून चालत आल्या. मी थांबले नाही. मला थांबता आलं असतं.

नंतर त्या दवाखान्यात दिसल्या नाहीत. दोन महिने गेले. मी विरजण मागायचं निमित्त करून त्यांच्याकडं गेले. त्यांनी पदर तोंडाशी धरूनच चहा केला. पावसाचं बोललो, ऊसतोडीचं बोललो. उठताना त्यांनी हळूच विचारलं, "वहिनी, तुमी अजून जाता व्हय सांगलीला?"

"जाते की."

"फरक हाय?"

मी हात पुढं केले. त्यांनी बघितले, हात मात्र लावला नाही.

"ती ट्यूब बंद केल्यावर आग लय व्हायची वो. घरात सगळी म्हणाय लागली, डॉक्टरनंच बिघडवलं. परत तीच लावाय लागले."

"पहिले काही दिवस तसं होतं. माझं पण झालेलं. पुढच्या सोमवारी मी जाणार हाय. नवाची बस. संगट जाऊ."

"बघते," त्या म्हणाल्या.

सोमवारी मी खिडकीशी बसले आणि शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली. बस आमच्या थांब्यावर जरा जास्तच थांबली, कोणाची तरी पोती चढत होती. मी गल्लीच्या तोंडाकडं बघत राहिले. बस हलली तेव्हा कंडक्टर म्हणाला, "बाई, पिशवी घ्या वर. माणसं उभी हाईत." मी पिशवी मांडीवर घेतली. एक म्हातारबाबा शेजारी बसले आणि आष्टा यायच्या आत त्यांचा डोळा लागला.