आबांच्या बंदुकीच्या गोळ्या

आमचे हे मुंबईत गिरणीत फिटर. कुणाचं काही बिघडलं की "आणा इकडे" म्हणायची भारी खोड. माझ्या वडिलांची, म्हणजे आबांची, चिठ्ठी मी वाचून दाखवत होते, तर ती संपायच्या आत यांनी मान डोलावलीसुद्धा. "वीस गोळ्या ना? एका संध्याकाळचं काम!" कपाळ माझं. त्या एका संध्याकाळच्या तीन झाल्या.

चिठ्ठी आली तेव्हा घरात दिवाळीचा चिवडा अजून संपायचा होता. रत्नागिरीकडे आमचं गाव. डोंगराच्या पायथ्याशी भाताचे दोन तुकडे, त्यावर आबा आणि आई वर्षभर जेवायचे. दुसरं काही नाही, भाऊही नाही मला. त्या वर्षी भात पिकायला आलं आणि रात्रीची रानडुकरं उतरायला लागली. आबांकडे शेत राखायला परवान्याची ठासणीची बंदूक होती, दारू होती. गोळ्या मात्र संपल्या होत्या आणि गावात शिसं मिळेना. "जावयांना म्हणावं वीसेक गोळ्या ओतून पाठवा. मापाला एक धाडली आहे. कापणीपर्यंत पुरल्या म्हणजे झालं, नाहीतर यंदा डुकरंच जेवतील," एवढंच लिहिलं होतं. आमच्या वाडीतला एक जण मंगळवारच्या बोटीने गावी जाणार होता. त्याच्या हाती द्यायच्या होत्या.

यांनी गिरणीच्या वर्कशॉपात लपूनछपून लोखंडी साचा बनवला. पकडीसारखा, दोन पाकळ्यांचा, मिटला की मधे गोळीएवढी पोकळी आणि वरून ओतायला भोक. रे रोडच्या भंगारवाल्याकडून शिशाचा जुना पाइप आणला. शुक्रवारी पहिल्या पाळीवरून आले ते चहासुद्धा न घेता स्टोव्हपाशी बसले. लोखंडी पळीत शिसं वितळलं, साच्यात ओतलं, थोडं थांबले, साचा उघडला. गोळी काही सुटेना! आपटली, तरी नाही. हातोडीने ठोकली तेव्हा निघाली, पण एका बाजूने चेपून. चेपलेली गोळी नळीत जाते कुठे? दुसरीचं तेच, तिसरीचं तेच. शेजारची आतून ओरडली, "अगो, भिंत पाडताव काय?"

शनिवारी मी अक्कल पाजळली. मोदकाच्या साच्याला आपण तुपाचा हात लावतो, वड्या थापायच्या ताटाला लावतो, म्हणून पदार्थ सुटतो की नाही? मग? मी म्हटलं, "अहो, तेल लावा की साच्याला जरा." यांनाही पटलं, हे विशेष! मी आपली बोटभर खोबरेल तेल घेऊन पोकळी छान माखली. वरून शिसं ओतलं मात्र, भस्सकन धूर, आणि एक थेंब उडून यांच्या मनगटावर. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. गोळी सुटली, खोटं कशाला बोलू, पण अंगभर सुरकुत्या आणि खड्डे. "घे, वाढ तुझ्या आबांना, वर तूप सोड," म्हणाले. मी चिडले आणि बोलणंच बंद केलं. पण रात्री झोप येईना. डोळ्यांपुढे आबा, शेताच्या बांधावर रिकामी बंदूक घेऊन बसलेले.

रविवारी चाळीतल्या वरच्या माळ्यावरचे एक म्हातारे गृहस्थ डोकावले. आयुष्य ओतकामात गेलेलं त्यांचं. साचा हातात घेऊन हुंगला आणि हसायलाच लागले. "तेल कोणी लावलं रे? काजळी पाहिजे, काजळी!" त्यांनी साचा राखेने घासून कोरडा करवला, चिमणीच्या ज्योतीवर धरून आतून काळा केला आणि मग स्टोव्हपाशी ठेवून चांगला तापवला. "गार साच्यात शिसं घाबरतं, धरून बसतं," म्हणाले. मग ओतलं. साचा उघडला आणि टपकन गोळी खाली पडली. न ठोकता, न आपटता! गोल, गुळगुळीत. पोटी पोर झाल्यासारखी मी टाळी वाजवली. दिवेलागणीपर्यंत वीस झाल्या. मी त्या फडक्यात बांधून तूरडाळीच्या डब्यात ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सोमवार. संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरण्या बंद, सगळे मोर्चाला. हेही सकाळीच गेले. दुपारी बातमी आली की फोर्टात गोळीबार झाला, माणसं पडली. कोण पडली, किती पडली, कुणाला काही ठाऊक नाही. गॅलरीत बायका रडतायत, खाली रस्त्यावर दगड, अश्रुधुराने डोळे चुरचुरतायत. यांचं काही बरंवाईट झालं असेल का, हे कुणाला विचारायचं?

तेवढ्यात खालून ओरडा झाला, "पोलीस चाळीत शिरले! खोल्या तपासतायत!"

आणि माझ्या तूरडाळीत बंदुकीच्या वीस गोळ्या. परवाना कुठे, तर गावाला आबांच्या ट्रंकेत. नवरा मोर्चात. कोण ऐकणार होतं माझं, डुकरांसाठी आहेत म्हणून? खोली दहा बाय बाराची, लपवायचं कुठे? संडास गॅलरीच्या पार टोकाला, जाताना खालून कुणीही बघितलं असतं. साचा यांच्या फिटरकामाच्या हत्यारांत टाकला, तिथे तो पकडीसारखाच दिसला. गोळ्यांचं काय करू? देवा, काय करू? स्टोव्हवर आमटी उकळत होती. मी ती उतरवली, पळी ठेवली आणि गोळ्या तीत ओतल्या. पंप मारत राहिले. आधी खालच्या बसल्या, मग वरच्या त्यांत बुडाल्या. तीन संध्याकाळी लागल्या होत्या त्या सुटायला. वितळायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मी रडत होते आणि पंप मारत होते.

पोलीस आमच्या माळ्यावर आलेच नाहीत. तळमजल्यावरून दोन पोरांना धरून निघून गेले.

हे अंधार पडल्यावर आले, धडधाकट, फक्त चप्पल हरवून. पळीत थिजलेला शिशाचा गोळा दाखवला. त्यांनी तो पळीतून काढून हातावर तोलला. मग म्हणाले, "बरं केलंस." मी म्हटलं, आत्ता बसू, सकाळपर्यंत होतील. तर म्हणाले, "वेड लागलंय? बाहेर शिट्या ऐकतेयस ना? आता या घरात शिसं वितळणार नाही." बोट गेली. मी चिठ्ठीसुद्धा धाडली नाही. काय लिहिणार होते?

शेत गेलं. निम्मं खाल्लं, निम्मं तुडवलं. आबा काठी आणि पत्र्याचा डबा घेऊन रात्र रात्र बडवत बसायचे म्हणे, पण डुकरं काय डब्याला भितात? तुडवलेल्यातून वेचलेलं भात शिमग्यापर्यंत पुरलं आणि मग आई-आबा आमच्याकडे राहायला आले. उभा जन्म गावाबाहेर न पडलेला माणूस आमच्या गॅलरीत, दुसऱ्यांच्या वाळत घातलेल्या धोतरांखाली बसायला लागला. जावयाच्या घरी जेवतो म्हणून पोटभर जेवायचे नाहीत. मला ते दिसायचं.

एकदा दुपारी आम्ही दोघंच होतो. आबांनी सहज विचारलं, "गोळ्या झाल्याच नाय काय गो तेव्हा?"

सांगायचं होतं. झाल्या होत्या आबा, वीस झाल्या होत्या, एकेक बघत राहावी अशी, आणि मी माझ्या हाताने त्या वितळवल्या, उगाच, कुणी वर आलंही नाही. पण मी तांदळाचं सूप पुढे ओढलं. म्हटलं, "नाही झाल्या. साच्यातून सुटतच नव्हत्या."

"त्यात तुझा काय दोष गो बाय?" आबा म्हणाले. "नवख्या माणसाला नाय जमत ते. कसं करायचं ते मीच चिठ्ठीत लिहायला हवं होतं. माझीच चूक."

पुढे कितीतरी वेळ ते माझीच समजूत घालत होते, आणि मी खाली मान घालून रेशनचे तांदूळ निवडत राहिले.