हसण्याच्या कप्प्यात गेलेलं गाणं

वऱ्हाडीत कोणी रडायला लागलं तर तुम्हाला आधी हसू येतं का? लगेच नाही म्हणू नका. मला कोणी विचारलं असतं तर मीही ताडकन नाही म्हटलं असतं.

त्या रविवारी सकाळी अमरावतीच्या आमच्या एफएम स्टेशनवर एक गाणं संपलं आणि त्याला चिकटून हशा वाजला. रेकॉर्ड केलेला, बऱ्याच माणसांचा, शेवटी एक शिट्टी. माईकसमोर आमचा आरजे शोएब होता. त्याने काचेतून माझ्याकडे पाहिलं. मग सवयीने तोही हसला आणि म्हणाला, "बाप्पा, काय हानलं बाईनं!" पुढे साड्यांच्या दुकानाची जाहिरात लागली.

गाणं हसण्यासारखं नव्हतं.

कोणतं गाणं कधी वाजणार हे ठरवणं माझं काम आहे. त्या दिवशी जगभर गाजलेल्या एका पॉप गायिकेचा वाढदिवस होता. तिचं नाव इथे महत्त्वाचं नाही. कॉलेजच्या पोरींना तिची गाणी तोंडपाठ असतात, एवढं पुरे. आम्ही श्रोत्यांकडून तिच्या गाण्यांची कव्हर मागवली होती. कव्हर म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपल्या पद्धतीने गाणं किंवा वाजवणं. आलेल्यांतून मी माझी आवडती निवडली. परतवाड्याच्या एका बँडवाल्याने तिचं धांगडधिंग्याचं गाणं क्लॅरिनेटवर इतकं संथ वाजवलं होतं की वरात परत चालली आहे असं वाटावं. अकोल्याच्या दोघी बहिणींनी स्टीलच्या ताटावर ठेका धरला होता. मूळ गाण्यापेक्षा मला तो ठेका जास्त आवडला.

पण सगळ्यांत आवडतं होतं अकोटच्या सुवर्णाताईंचं. त्या शिवणकाम करतात. गायिकेचं एक विरहाचं गाणं आहे. त्याची चाल ठेवून त्यांनी शब्द स्वतःचे घातले होते. "तू गेला तं गेला, दार काहून लोटून गेला." सोबत वाद्य नाही. मध्येच बाहेरून कुकरची शिट्टी ऐकू येते आणि त्या थांबत नाहीत. फाइलसोबत आवाजात निरोप होता, "मॅडम, हे माह्या घरचंच हाय. जमलं तं लावा."

मी ते तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा हेडफोन काढून बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

आणि मग मीच ते कॉमेडीत टाकलं.

आमच्याकडे गाणी एका सॉफ्टवेअरमध्ये चढवतात. प्रत्येक फाइलला कॅटेगरी द्यावी लागते, म्हणजे ती कोणत्या कप्प्यात जाणार ते. भाषेच्या रकान्यात 'वऱ्हाडी' निवडलं की खाली एकच कॅटेगरी दिसते: कॉमेडी. कारण आजवर स्टेशनवर वऱ्हाडी वाजली ती फक्त नकलांत आणि भांडखोर बायकोच्या किश्शांत. गाणं म्हणून ती कधी आलीच नव्हती. मी घाईत होते. जे दिसलं ते क्लिक केलं. कॉमेडीतली फाइल संपली की सॉफ्टवेअर आपणहून हशा लावतं. अशा छोट्या आवाजाच्या तुकड्याला आम्ही स्वीपर म्हणतो. हा नियम मला माहीत होता. त्या क्षणी आठवला नाही, एवढंच.

वाईट याचं वाटतं की मी चळवळीच्या घरातली. आमच्याकडे पाहुण्याला चहाआधी पत्रक मिळायचं. कॉलेजात मी स्वतः एक लिहिलं होतं, की आमची बोली विनोदासाठी भाड्याने दिलेली नाही. अकोल्याच्या एसटी स्टँडवर उभी राहून ते वाटलं होतं.

जाहिरात संपायच्या आत स्टुडिओचा फोन वाजला.

"मॅडम, मी सुवर्णा बोलतो, अकोटवरून."

"हो ताई, बोला ना."

"तुमी हासले काहून?"

मी म्हटलं, "ताई, तांत्रिक चूक झाली. सॉफ्टवेअरमुळे तो आवाज आपोआप लागला." जन्म अकोल्यातला, आई अजून घरी 'मले-तुले' बोलते, आणि मी फोनवर अशी बोलत होते जणू बातम्या देतेय.

"सॉफ्टवेअरले कोनं सांगतलं का हे हासाचं हाय?"

मी समोरच्या स्क्रीनवर त्यांच्या फाइलपुढची कॉमेडीची खूण काढायला लागले.

"मानूस सोडून गेला तवापासून गल्ली हासूनच राहिली, मॅडम. मले वाटलं गानं ऐकून गप होतीन. म्हनून गल्लीतल्या बायायले बोलावून रेडिओ लावला." मग त्यांनी फोन ठेवला.

मी आमच्या प्रोग्रॅमिंग हेडकडे गेले. कुलकर्णी सर पुण्याचे, माणूस वाईट नाही. त्यांच्या फोनवर आमच्या स्टेशनचं पेज उघडं होतं. सोशल मीडियावाल्याने गाणं आणि हशा मिळून क्लिप टाकली होती. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

"मस्त चाललंय," सर म्हणाले.

"काढायला सांगा सर. आणि ऑन एअर माफी मागू या."

"माफी मागितली की चूक झाली असं होतं."

"झालीच आहे."

"कॉमेडीत कोणी टाकलं?"

"मी."

"मग आता स्टेशनवर कशाला रागावतेस?"

मला भांडायचं होतं. बोली, सत्ता, पुणं, सगळं तोंडाशी आलं होतं. पण प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, "माफी माझ्या नावाने मागते. माझ्याच आवाजात." शोएब मागे येऊन उभा होता. तो म्हणाला, "सर, हासलो तं मी बी. माही बी माफी लावा." सरांनी क्लिप काढायला लावली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी माफी मागितली. मग मी एसटीने अकोटला गेले. गाणं हशाशिवाय पुन्हा वाजवायचं होतं, त्यांना विचारून. सुवर्णाताई मशीनवर बसल्या होत्या. मला पाहून पाय थांबला.

"तुमी तं लहान दिसता," त्या म्हणाल्या. "चहा घ्या."

"ताई, मले माफ करा. गानं परत लावू का? चांगलं लावतो."

"आता तुमी वऱ्हाडी बोलता."

मी पुढे आलेला चहाचा कप घेतला.

"माफी ऐकली मी. त्या पोराची बी. पन गानं नोका लावू," त्या म्हणाल्या. "आता कोनं बी ऐकलं तं हासू यायची वाट पायतीन. मी बी पायतो. काल मशीनवर गुनगुनत होतो, त्या वळीपाशी आलो अन् थांबलो."

मशीन पुन्हा सुरू झालं. चहा मी गरमच प्याले, लवकर निघता यावं म्हणून.

आता सॉफ्टवेअरमध्ये 'वऱ्हाडी – गाणी' अशी कॅटेगरी आहे. ती मी केली. तिच्यात एकच फाइल आहे आणि ती वाजवायची परवानगी नाही. या सगळ्यातून कळलं ते एवढंच: मशीन कोणावर हसत नाही. कोणावर हसायचं ते आपण आधी भरून ठेवतो, आणि पत्रक लिहिणारा हातही तेच भरतो.

स्टेशनने क्लिप काढली, पण ती तोवर बाहेर पडली होती. अजून कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येते. तुमच्या फोनवर आली तर पुढे पाठवू नका, पुसून टाका. आणि ज्याने पाठवली त्याला सांगा की ती बाई गंमत करत नव्हती.