हणमंताच्या पानावर

धरणाचं पाणी वर चढू लागलं तेव्हा सगळी वस्ती उठून खाली शिरूरकडं नव्या जमिनीवर गेली. गजराबाईचा दीर गेला, जाऊ गेली, मेंढरं गेली. ती तेवढी डिंभ्यातच राहिली. रस्त्याच्या कडेला पत्र्याची एक खोली घातली आणि लोकांच्या रानात खुरपायला जाऊ लागली. दिरानं समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. तिचं एकच म्हणणं, "घर पाण्यात गेलं. आता मी बी गेले तर त्यांनी यायचं कुठं?"

ते म्हणजे हणमंत, तिचा नवरा. एकाहत्तरच्या लढाईत पंजाबच्या सीमेवर गेला आणि मागं तार आली. मेला असं तारेत नव्हतं. बेपत्ता, एवढंच होतं. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं, आणि नवऱ्याचा सहवास म्हणाल तर दोन सुट्ट्यांपुरता. पुढं माहेरच्यांनी तिचा म्होतूर लावून दुसरं घर करून द्यायचं काढलं. पंचांनी विचारलं, पहिला नवरा वारलाय का सोडलंय त्यानं? दोन्हीतलं काहीच नव्हतं. गोष्ट तिथंच थांबली. गजराबाईचं कुंकू राहिलं, मंगळसूत्र राहिलं. संक्रांतीला बायका तिला बोलवायच्या, पण ओटी भरताना एखादीचा हात जरा अडखळायचा. तिनं ते कधी दिसलंय असं दाखवलं नाही.

नव्वद सालानंतर कधीतरी निरगुडसरचा संपत हवालदार पेन्शनीत घरी आला. हणमंताच्याच पलटणीतला. त्याच्या मनानं घेतलं, की आपल्यातले जुन्नर-आंबेगावचे जेवढे गडी आहेत त्यांनी वर्षातून एकदा तरी एकत्र बसावं. एसटीनं गावोगाव हिंडून त्यानं एकेकाला हुडकून काढलं. तसाच एके दिवशी तो डिंभ्यात तिच्या दारात येऊन उभा राहिला.

"वैनी, मी संपत. हणमंताच्या शेजारी माझी खाट असायची," तो म्हणाला. "डिसेंबरात समदी गोळा व्हणार हायेत माझ्या खळ्यावर. तुमी या."

"मी गडीमाणसांत येऊन काय करू भाऊ?"

"हणमंताला आवतण हाय. तो न्हाई, तर तुमी या."

ती गेली. संपतच्या बायकोनं, ठकूबाईनं, मासवड्या केल्या होत्या, तांबडा रस्सा केला होता. गजराबाई चुलीपाशी बसायला निघाली तर संपतनं हाक मारली आणि पंगतीतलं एक रिकामं पान दाखवलं. "हणमंताच्या पानावर बसायचं तुमी." पदर पुढं ओढून ती त्या मिशाळ माणसांच्या ओळीत बसली. मान खाली घालून तिनं चार घास खाल्ले.

पण जेवणं झाल्यावर गप्पा निघाल्या आणि तिनं हळूहळू पदर मागं सारला. नवरा काय चीज होता ते तिला त्या दुपारी पहिल्यांदा कळत होतं. ओतूरचा भिका सांगत होता. सीमेवरचं एक गाव लोकांनी रातोरात सोडलं होतं आणि मागं दावणीची मेंढरं ओरडत राहिली होती. हणमंताला ते ऐकवेना. गोळीबार थांबलेला बघून तो गेला, सगळ्यांची दावी सोडली आणि एक अंगावर पिणारं कोकरू कोटात घालून खंदकात घेऊन आला. "वैनी, आमाला प्यायला पाणी न्हवतं, आन् ह्यो त्याला बोट चोखायला देतोय." सगळे हसले. गजराबाईही हसली. तोंडावर हात धरून हसली, आणि मग बराच वेळ तिनं तो हात काढला नाही.

शेवटी संपतनं त्या संध्याकाळचं सांगितलं. निरोप पोचवायला हणमंत पुढच्या चौकीकडं निघाला, कालव्याच्या बांधावरून उसात शिरला, शिरताना मागं वळून हात केला. मग ऊस पेटला. सकाळी तिथं राख होती, माणूस सापडला नाही. तिकडच्यांनी धरून नेला असेल, असं प्रत्येकाचं मत पडलं. तुरुंगात असेल. सुटेल एक दिवस.

त्यानंतर तिचं वर्ष डिसेंबरापासून डिसेंबरापर्यंत असायचं. दरसाली तीच माणसं, त्याच गोष्टी. तिला त्या पाठ झाल्या होत्या तरी ती नव्यानं ऐकायची. मग पंगत आखडत गेली. कुणी दम्यानं गेलं, कुणी दारूनं. उरलेल्यांच्या गोष्टीही सैल पडू लागल्या. एका साली भिकानं कोकराची गोष्ट काढली आणि म्हणाला, "आपल्या कुशाबानं न्हाई का आणलं व्हतं कोटातनं."

गजराबाईनं मान वर केली. "भाऊ, ते ह्यांनी आणलं व्हतं."

"हणमंतानं? न्हाई वैनी. कुशाबाच तो. आमच्या ओतूरचा."

सगळे संपतकडं बघू लागले. संपतनं आधी तिच्याकडं बघितलं, मग म्हणाला, "हणमंताच व्हता." भुकेल्या माणसाला भाकरी द्यावी तसं त्यानं ते दिलं, आणि तिला ते कळलं. त्या दिवशी परतीच्या एसटीत ती कोकरू आठवू पाहत होती. ते आता कुणाच्याच कोटात बसेना.

कारगिलची लढाई झाली आणि अचानक फौजींना मान आला. संपतचा मुलगा सुदर्शन मंचरात दुकान चालवायचा. त्यानं मेळावा मंगल कार्यालयात घेतला. मोठा बॅनर, पाहुणे, कर्णे. बोलावून तिला स्टेजवर नेलं. निवेदक म्हणाला, शहीद हणमंत यांच्या वीरपत्नी. टाळ्या पडल्या. तिच्या हातात नारळ आणि साडी आली. समोरच्या दोन बायका तिच्या कपाळाकडं बघून एकमेकींशी काही बोलल्या.

खाली आल्यावर तिनं संपतला गाठलं. "त्यांनी शहीद म्हणलं."

"मानाचा शब्द हाय वैनी. म्हणू द्या."

"मग मेले का ते? तुमी बघितलं का?"

"न्हाई बघितलं."

पुढं भिका गेला. मेळावे व्हायचे, पण तिथं दुसऱ्याच लढायांची तरुण पोरं असायची. मग संपतचं अर्धं अंग लुळं पडलं आणि तेही थांबलं. त्या डिसेंबरात ती आपणहून निरगुडसरला गेली. ठकूबाईनं चहा ठेवला. संपत पडवीत खाटेवर होता. जीभ जड झाली होती.

"भाऊ, ते उसात शिरले तेवढं एकदा सांगा."

"दरसाल सांगितलं वैनी. आता त्ये सांगितल्यालंच आठवतंय. हणमंत आठवत न्हाई. त्याचं तोंड दिसत न्हाई मला."

तिनं चहाची कपबशी खाली ठेवली. "मला बी न्हाई दिसत, लई दिस झालं," ती म्हणाली. हे ती आजवर स्वतःशीही बोलली नव्हती.

उन्हाळ्यात संपत गेला. दहाव्याला नदीवर मोठी गर्दी होती. सोसायटीचे, पतसंस्थेचे, सगळे बोलायला उठले. गजराबाईनं घाटाच्या कडेनं सगळ्या म्हाताऱ्यांची तोंडं बघून घेतली. पलटणीतलं कुणी नव्हतं. शेजारी बसलेल्या एका बाईनं सहज विचारलं, "मावशी, हवालदार तुमचे कोण?"

गजराबाईनं विचार केला. भाऊ म्हणावं तर नात्यातला नव्हता. नवऱ्याचा दोस्त म्हणावं, तर पुढं नवऱ्याचं विचारतील.

"कुणी न्हाई," ती म्हणाली. पदर सावरून उठली आणि उन्हातानाची फाट्याकडं चालू लागली. दिवस मावळेपर्यंत ती फाट्यावर बसून राहिली; डिंभ्याची एसटी त्या दिवशी आलीच नाही.