पावणं
बुटाच्या पॉलिशचा वास आला की आमच्या दारातली ती काळी ट्रंक आठवते. मी पाचेक वर्षांचा असेन. मिलिटरीच्या कपड्यातला, उन्हानं रापलेला एक माणूस ट्रंकेवर बसून बूट सोडत होता. मी आत पळालो आणि ओरडलो, “आई, कोणतरी पावणं आल्यात!” आई हसता हसता रडायला लागली. “आरं, तुझा बा हाय की त्यो!” वडिलांनी खाली मान घालून दुसरा बूट सोडला. पुढं पेन्शनीत आल्यावर ते जोतिबाला गेले तरी दिवस मावळायच्या आत घरी यायचे, आम्हाला सोडून कुठं मुक्काम केला नाही. परवा त्यांचे जुने बूट पॉलिश करत बसलो होतो. अंथरुणावरून ते बराच वेळ बघत राहिले आणि अदबीनं म्हणाले, “ऱ्हाऊ द्या की, पावणं. गाव कुठलं म्हणायचं तुमचं?”