दिनानाथने बाद ठरवलेले फोटो

नेरूळच्या मार्केटमध्ये दिनानाथ तांडेलचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. दवाखाने, सलून, शिकवणीचे क्लास, अर्ध्या सेक्टरच्या पाट्या त्याच्या हातच्या. मग फ्लेक्स आले आणि ब्रश सुकले. चाळिशी उलटल्यावर त्याने कॉम्प्युटरचा क्लास लावला आणि त्याच दुकानात बसून छोट्या धंदेवाल्यांना वेबसाइट बनवून द्यायला लागला. कामात चोख होता. फक्त एखादी गोष्ट आपल्याला कळत नाही, हे त्याला कबूल करता यायचं नाही. पाट्या रंगवणाऱ्याला यातलं काय कळणार, असं कुणी म्हणेल याची त्याला कायम धास्ती.

रबाळ्याच्या राजेश्वरीताई त्याच्याकडे आल्या त्या ओळखीतून. माणसं मूळची साताऱ्याकडची. वस्तीतल्या बायका मिळून कांदा-लसूण मसाला करायच्या, त्याची साइट हवी होती. त्यांनी पेनड्राइव्ह पुढे केला.

"फोटो आमच्या सासूबाईंनी काढलेत, दादा. दिरांचा जुना कॅमेरा आहे, तो त्यांच्याकडेच असतो. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत."

दिनानाथने साइट बनवली. लॅपटॉपवर सगळं झकास दिसत होतं. साइट सर्व्हरवर चढवली, तर मजकूर आला, रंग आले, पण फोटोंच्या जागी रिकामे चौकोन. त्याने फोटो पुन्हा चढवले. पुन्हा चौकोनच. तेवढ्यात ताईंचा फोन.

"दादा, फोटो दिसंनात ओ."

"ताई, फोटोच बाद आहेत," तो बोलून गेला. "हात हललाय काढताना. असले फोटो साइट घेत नाही. दुसरे पाठवा."

हे बोलत असताना समोर लॅपटॉपवर तोच फोटो उघडा होता. लाल मिरच्यांचा ढीग, त्यात देठ न् देठ वेगळं दिसत होतं.

पलीकडून ताई "बरं दादा," म्हणाल्या आणि फोन ठेवला. दोन-तीन दिवसांनी त्यांनी मोबाइलवर काढलेले नवे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. ते चढवले आणि लगेच दिसले. म्हणजे आपलं बरोबरच होतं, अशी दिनानाथने मनाची समजूत घातली आणि तो विषय विसरून गेला.

पुढे बेलापूरच्या एका वकिलाचं काम आलं. तिथेही तेच झालं. लॅपटॉपवर फोटो होता, साइटवर नव्हता. सवयीने तो म्हणाला, "साहेब, फोटो खराब दिसतोय."

"स्टुडिओत काढलेला फोटो खराब कसा असेल?" वकील कडाडला. "तुमचं काम नीट तपासा आधी."

आता तपासण्यावाचून इलाज नव्हता. दिनानाथने सर्व्हरवरच्या फायली उघडून एकेक नाव वाचलं. फोटोच्या नावाच्या शेवटी जेपीजी ही तीन इंग्रजी अक्षरं होती, कॅमेऱ्याने ती कॅपिटलमध्ये लिहिलेली. त्याने मात्र साइटच्या पानात तीच स्मॉलमध्ये टाकली होती. त्याच्या लॅपटॉपला दोन्ही सारखीच. सर्व्हरला नाही. सर्व्हरच्या लेखी ही दोन वेगळी नावं, आणि पानात लिहिलेल्या नावाची फाइलच तिथे नव्हती. त्याने नाव बदललं आणि वकिलाचा चेहरा साइटवर उमटला.

दिनानाथला हायसं वाटायला हवं होतं. पण त्याला एकदम त्या मिरच्या आठवल्या. मसाल्याच्या फोटोंचं जुनं फोल्डर त्याने उघडलं. सगळ्या नावांच्या शेवटी कॅपिटल जेपीजी; व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोंच्या शेवटी मात्र स्मॉल. त्याचे कान तापले. वकिलाने आवाज चढवला म्हणून आपण शोध घेतला. ताई "बरं दादा" म्हणाल्या, तर तेवढ्यावर आपलं भागलं.

दुसऱ्या दिवशी तो रबाळ्याला गेला. दारातच ताईंना सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, "मी सासूबाईंना सगळ्या बायांसमोर बोलले ओ, दादा. म्हटलं, हात कापतो तर कशाला करायची ही हौस?"

हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. आत ताईंच्या सासूबाई, राजाबाई, मिरच्यांची देठं काढत बसल्या होत्या. तो त्यांच्यासमोर जमिनीवर बसला.

"मावशी, चूक माझी होती. मी नाव चुकीचं लिहिलं होतं, म्हणून फोटो दिसले नाहीत."

"म्हंजी फोटू चांगलं हुतं?"

"चांगले होते. माझ्याकडे पहिल्या दिवसापासून दिसत होते."

राजाबाईंचे हात थांबले. "मग तवाच का न्हाई सांगितलंस?"

त्याला मान वर करता येईना. "मला कारण सापडत नव्हतं," तो कसंबसं म्हणाला. "तसं म्हणायची लाज वाटली. म्हणून तुमच्या हातावर ढकललं."

"माजा हात हालला न्हवता," त्या म्हणाल्या. "मला ठावं हुतं. पर मानूस शिकल्यालं, म्हटलं त्येचंच खरं आसंल."

"कॅमेरा आहे ना अजून?"

"गावाला धाडला. नातवंडं खेळत्यात त्येच्याशी." त्यांनी पुढची मिरची उचलली.

ताईंनी चहा आणला. नको म्हणायचं तोंड नव्हतं, म्हणून त्याने तो घेतला. दुकानात परतल्यावर त्याने जुन्या फायलींची नावं एकेक करून सुधारली, राजाबाईंचे सगळे फोटो साइटवर लावले आणि खाली त्यांचं नाव टाकलं. मग ताईंना कळवलं.

संध्याकाळी ताईंचा मेसेज आला. "सासूबाईंना दाखवले. बराच वेळ बघत होत्या. मग परत मिरच्या निवडायला बसल्या."

दिनानाथने तो पुन्हा पुन्हा वाचला. उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, आणि शेवटी साइट उघडून मिरच्यांचा तो फोटो बघत बसला.